मदत हवी आहे: 12 जणांच्या चाचणीवर सगळ्यांचं प्रशिक्षण सुरू करावं का?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं मशीन शॉप आहे, 140 कामगार, तीन पाळ्या. दुरुस्तीआधी मशीनची वीज तोडून कुलूप आणि टॅग लावायचं प्रशिक्षण सगळ्यांना द्यायचंय. आधी पहिल्या पाळीतल्या 12 जणांवर करून बघितलं: दोन तास, मराठीतून, आधी आणि नंतर तोंडी प्रश्न. उत्तरं छान आली. पण प्रशिक्षणाचा उपयोग झाला का हे मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या 4 पातळ्यांपैकी (आवडलं का, कळलं का, कामात उतरलं का, परिणाम दिसला का) पहिल्या दोनच यातून समजतात. आठवड्याने फिरून बघितलं तर लेथच्या पॅनेलवर टॅग लटकतोय आणि कुलूप फोरमनच्या ड्रॉवरमध्ये! कुलपं मुळात कमी होती. ती आता मागवलीत.

शिवाय ते बाराही सुपरवायझरने निवडलेले, जुने, येळ्ळूर-मच्छेकडचे मराठी बोलणारे. रात्रपाळीत बैलहोंगलकडची कन्नड बोलणारी नवी पोरं जास्त, आणि खरा धोका त्यांनाच. कन्नड पुस्तिका तयार आहे, पण शिकवणारा मी एकटा, माझं कन्नड कामापुरतं. मशीनं दोन तासांच्या वर बंद ठेवता येत नाहीत.

रात्रपाळीत दुसरी चाचणी घेताना किती जण घ्यावेत, आणि कुलूप खरंच लागतंय हे किती दिवस बघून मग सगळीकडे सुरू करावं?