दारू सोडण्यासाठीच्या एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस) मीटिंगला पहिल्यांदा जायचंय (ठाणे-कल्याण पट्टा), काही शंका

सातची_बदलापूर:
नमस्कार. वय ४४, नोकरी मुलुंडला, घर बदलापूरला. रोज संध्याकाळी गाडी पकडण्याआधी क्वार्टर, शनिवार-रविवारी हिशेब नाही. दरवर्षी गटारीला शेवटची घेऊन श्रावण कडक पाळायचो, त्यामुळे आपल्याला लागलेली नाही अशी खात्री होती. यंदा नागपंचमीलाच मोडला. आता सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतात, थोडी घेतली की थांबतात. बायकोने एएचं नाव काढलं. जायचं ठरवलंय, पण घराजवळच्या ग्रुपात सोसायटीतलं कोणी भेटलं तर? आधार कार्ड मागतात का? पहिल्याच दिवशी उभं राहून बोलावं लागतं का? आणि मी देवबिव मानत नाही, तिथे प्रार्थना असते म्हणे.

माळकरी_पाटील:
आमच्या वडिलांनी आळंदीला माळ घातली, त्यानंतर थेंब नाही. मन खंबीर पाहिजे. बेवड्याने बेवड्याला काय शिकवायचं?

मागचा_बाक:
पाटीलसाहेब, माळेने सुटली तर सोन्याहून पिवळं. पण माळ खुंटीला अडकवून बारमध्ये जाणारेही आमच्याकडे येतात. आणि बेवड्याने बेवड्याशी बोलायचं, एवढ्यावरच तर हे सगळं उभं आहे. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले तिथून सुरुवात झाली.

आता सातची दादा, तुमचं. मीटिंगच्या आधी ते थरथरणारे हात डॉक्टरांना दाखवा. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेततं. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत किंवा ओळखीच्या डॉक्टरकडे जा आणि किती घेता ते खरं सांगा. निम्मी क्वार्टर सांगू नका, औषधाचा डोस त्यावर ठरतो. दाखल व्हायची वेळ आली तर पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, तिथेही विचारता येईल.

ओळखीचं कोणी भेटण्याची भीती असेल तर सरळ चार स्टेशनं पुढे उतरा. मी स्वतः घराजवळचा ग्रुप सोडून लांबच्या ग्रुपात जायचो. प्रवासात पिण्याची वेळ टळायची, हा वरचा फायदा.

आमचा ग्रुप शाळेच्या वर्गात भरतो. तिसरीचा वर्ग. पन्नाशीचे बाप्ये त्या एवढ्याशा बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले, फळ्यावर सकाळचा सुविचार आणि कोपऱ्यात पट-हजेरी तशीच. आमची हजेरी मात्र कोणी घेत नाही. आधार नाही, फॉर्म नाही, फी नाही. शेवटी पिशवी फिरते, नवीन माणसाने टाकलंच पाहिजे असं काही नाही. पिणं थांबवायची इच्छा, एवढीच अट. बोलणारा ‘मी अमुक, अल्कोहोलिक’ म्हणून सुरुवात करतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कोणी सल्ला देत नाही. तुमचा नंबर आला की ‘आज ऐकतो’ म्हणा, कोणी वळूनही बघणार नाही. पिऊन आलात तरी आमच्याकडे बाहेर काढत नाहीत, फक्त गप्प बसा.

प्रार्थना असते, छोटी. दारूपासून सुटायच्या एएच्या बारा पायऱ्या आहेत, त्यांत परमेश्वराचा उल्लेख आहे, पण ‘आपल्याला उमगेल तसा’. आमच्यात एक कट्टर नास्तिक आहेत. त्या वेळी उठून चहाची किटली आणायला जातात आणि बरोब्बर संपल्यावर येतात. वर्षानुवर्षं कोरडे आहेत. आपलं काय जातंय?

एक ग्रुप बघून मत बनवू नका मात्र. कुठे म्हातारेच जास्त, कुठे सगळं हिंदीत, कुठे एकच माणूस अर्धा तास मागचं उगाळतो. दोन-तीन ठिकाणी बसून बघा.

तिची_बाजू:
सातची दादा, वहिनींसाठी लिहिते. माझे मिस्टर एएत जातात, मी अल्-अॅनॉनला. तो घरच्यांचा वेगळा ग्रुप. नवऱ्याची कशी सोडवायची ते तिथे शिकवत नाहीत, हे आधीच सांगते, मी त्याच आशेने गेले होते. बाटल्या शोधणं, ऑफिसात ‘ताप आलाय’ असा फोन करणं, हे बायकांनी किती वर्षं केलं ते तिथे ऐकलं आणि मी फोन करणं बंद केलं. महिनाभर घरात भांडणं झाली. मुक्तांगणमध्येही बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे.

सातची_बदलापूर:
सगळ्यांचे आभार. उद्या अर्धी सुट्टी टाकून डॉक्टरकडे जातोय, खरा आकडा सांगेन. बायको म्हणते पहिल्या दिवशी मीपण येते. चालतं का?

मागचा_बाक:
ओपन मीटिंग असेल तर खुशाल आणा. क्लोज्डला फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांनाच बसता येतं, तेव्हा आधी फोन करून विचारा. जागाही विचारून घ्या, नेटवरच्या याद्या जुन्या असतात. शाळेला सुट्टी लागली की ग्रुप दुसरीकडे बसतो, आणि वॉचमनला ‘एए’ म्हटलं तर कळत नाही. ‘संध्याकाळची मीटिंग’ म्हणा, तो जिना दाखवतो.