पद्मिनी गरम झाली की बंद पडते: कॉइल, कंडेन्सर की आणखी काही?

पद्मिनी८७
१९८७ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल. सकाळी पहिल्या सेल्फला उठते. पंचवीसेक मिनिटं चालली की आधी मिसिंग (इंजिन अडखळतं), मग सिग्नलला बंद. वीस मिनिटं बॉनेट उघडं ठेवलं की पुन्हा व्यवस्थित सुरू. चार महिन्यांत पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) दोनदा जळाले. कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि प्लग नवे आहेत, कार्बोरेटर साफ केलाय. आता काय बदलावं?

डेल्कोवाला
आत्ता काहीच बदलू नका. हा दोष गाडी थंड झाली की लपतो, म्हणून तपासणी त्या वीस मिनिटांतच करायची. डिकीत मल्टिमीटर, फिलर गेज (गॅप मोजायची पाती) आणि दोन हात वायर ठेवा.

गाडी बंद पडली की लगेच डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटर, प्लगना आळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) टोपणातली मधली वायर काढा. इन्सुलेटेड पकडीने तिचं टोक ब्लॉकच्या लोखंडापासून ५-६ मिमी लांब धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. गिअर न्यूट्रलला, आणि आसपास पेट्रोल गळत नाही ना ते आधी बघा. निळी, टकटक वाजणारी ठिणगी पडली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर ठीक. मग रोटर (टोपणाखाली फिरणारा तुकडा) आणि टोपणाला तडे किंवा काळ्या रेघा आहेत का पाहा. तिथेही काही नसेल तर पेट्रोलकडे वळा: पंप इंजिनलाच बसवलेला असल्याने तापतो आणि आत वाफ धरते. पंपावर ओलं फडकं ठेवून गाडी उठली तर दोष तोच.

ठिणगी पिवळी, मरतुकडी किंवा गायब असेल तर चावी ऑन करून कॉइलच्या प्लसला व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त फरकाने कमी भरलं तर बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसला थेट वायर द्या. गाडी उठली की दोष इग्निशन स्विचमध्ये किंवा वाटेतल्या जोडात. ही वायर फक्त तपासणीपुरती. ती असताना चावीने इंजिन बंद होत नाही, वायरच काढावी लागते.

मग पॉइंट मिटलेले असताना कॉइलचा मायनस ते बॉडी मोजा. ०.२ व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर पॉइंट काळे पडलेत किंवा डेल्कोच्या आतली अर्थिंग सैल आहे.

सीबी_पॉइंट
चार महिन्यांत दोनदा पॉइंट जळणं हा सगळ्यात मोठा धागा आहे. पॉइंट उघडतात तेव्हाचा झटका कंडेन्सर झेलतो. तो गरम झाल्यावर लीक करायला लागला तर पॉइंटमध्येच ठिणग्या उडतात. ०.२० ते ०.२५ मायक्रोफॅरडचा चांगला कंडेन्सर बाहेरून लावून पाहा: वायर कॉइलच्या मायनसला, डबी बॉडीला. पण जुन्याची वायर आधी सोडवा. लीक होणारा जुना जोडलेला राहिला तर या तपासणीला अर्थ नाही.

आणि कॉइल नवी आहे, म्हणजे बरोबर आहे असं नाही. तिच्या दोन्ही वायरी सोडवून प्लस-मायनसमध्ये ओहम मोजा आणि इथे टाका.

पद्मिनी८७
गरम असताना १.९. प्रोब एकमेकांना टेकवल्यावर मीटर ०.३ दाखवतो. कॉइलला हात लावला तर चटका बसतो. कंडेन्सर बदलूनही फरक नाही.

डेल्कोवाला
म्हणजे खरे १.६ ओहम. सापडलं. ही बॅलास्ट रेझिस्टरसोबत (कॉइलचा करंट कमी ठेवणारा वेगळा रेझिस्टर) वापरायची कॉइल आहे आणि तुमच्या गाडीत बॅलास्ट दिसत नाही. चालत्या गाडीत १४ व्होल्ट धरले तर ३ ओहमच्या कॉइलमधून साडेचार-पावणेपाच अँपिअर जातो, हिच्यातून पावणेनऊच्या आसपास. पॉइंट त्यानेच जळतात, कॉइलही त्यानेच तापून आतून ढिली पडते. विनाबॅलास्ट चालणारी ३ ओहमची कॉइल घ्या आणि दुकानातच मीटर लावून मोजा, नुसत्या डबीवर विसंबू नका.

सीबी_पॉइंट
सोबत पॉइंटही नवे टाका. चौथ्या गिअरमध्ये गाडी हळूहळू ढकलत पॉइंटची टाच कॅमच्या (डेल्कोतला फिरून पॉइंट उघडणारा दांडा) टोकावर आणा. गॅप ०.४२ ते ०.४८ मिमी. ०.४५ चं पातं अलगद घासत सरकलं पाहिजे. पात्यावरचं तेल आधी पुसा, नाहीतर तेच पॉइंटवर जळतं. कॅमला हाय टेम्परेचर ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढंच. गॅप वाढला की टायमिंग पुढे जातं (ठिणगी लवकर पडते), म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. प्लगच्या वायरी काढल्या असतील तर क्रम १-३-४-२.

चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकत बसू नका. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर नवी कॉइलही तशीच तापेल.