एसावाचं वरण आणि आमचा सराफा

"देवानेच दिलेलं सुख उपभोगलं तर बिघडलं कुठे?" हा प्रश्न मला रास्त वाटतो. बायबलमध्ये प्रेषित पौलानेच आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहिलंय की देव आपल्याला उपभोगासाठी सगळं विपुल देतो. आम्ही इंदूरकर तर सराफ्यातला, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारातला, भुट्ट्याचा कीस पाप मानूच शकत नाही!

पण बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 25व्या अध्यायातला एसाव बघा. रानातून दमून आला, भूक खरी होती, भाकर आणि मसुरीचं वरणही चांगलंच असणार. चूक खाण्यात नव्हती, मोबदल्यात होती. त्यापायी त्याने थोरल्या मुलाचा, ज्येष्ठपणाचा हक्क धाकट्या भावाला देऊन टाकला, खाऊनपिऊन उठला आणि चालता झाला. ते नुसतं उठून जाणं मला दर वेळी हलवतं. पुढे वडिलांच्या आशीर्वादासाठी तो किती रडला! बायबलमधल्याच मोशेने मात्र मिसरच्या राजवाड्यातलं क्षणिक सुख सोडून आपल्या लोकांबरोबर हाल सोसले.

माझी आजी शेवटच्या वर्षी काही खाऊ शकत नव्हती. जिलबीवर जीव असलेली बाई, पेजेचे दोन चमचेही नको म्हणायची. दागिने कधीच लेकीसुनांना वाटून झाले होते. पण संध्याकाळी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन लावलं की गोधडीवर तिची बोटं ताल धरायची. विश्वास, आशा, प्रीती ही तीन टिकतात असं पौल करिंथकरांना लिहितो. मी ती टिकलेली पाहिली आहेत, त्या सुरकुतलेल्या बोटांत.