'लपाछपी' बघताना तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटली? (अनुभव धागा)

परवा घरी 'लपाछपी' पुन्हा लावला. जुलै २०१७ मध्ये थिएटरात पाहिला होता, तेव्हा दुपारच्या खेळाला आम्ही मोजून अकरा जण होतो. त्या वेळी मी घाबरले होते ती उसातून डोकावणाऱ्या पोरांना. या खेपेला पोरांचं काही वाटलं नाही. तुळसाबाई मायेनं बोलायला लागली की पोटात गोळा येत होता.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहाला आठवा महिना लागलाय. नवरा तुषार देणेकऱ्यांना चुकवत तिला घेऊन शहर सोडतो आणि ड्रायव्हर भाऊरावच्या गावी येतो. चहूबाजूंनी ऊस, मधोमध एकच घर. घरात भाऊरावची बायको तुळसाबाई, आणि बाहेर लपाछपी खेळायला बोलावणारी मुलं. पूजा सावंत, विक्रम गायकवाड, अनिल गवस, उषा नाईक, एवढीच मुख्य माणसं. दिग्दर्शक विशाल फुरिया. मोठा सेट नाही, फार करामती नाहीत, आणि भुताच्या सिनेमात हमखास असणारा काळोखही कमीच; बरंचसं लख्ख उन्हात घडतं.

उषा नाईकांना मी 'एक हजाराची नोट'मधली बुढी म्हणून ओळखत होते. त्या बुढीला घरी आणावं असं वाटलं होतं. तुळसाबाईच्या आवाजातही तोच ओलावा आहे, आणि तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. आमची एक चुलत आज्जी गरोदर सुनांना स्वतःच्या हातानं तूप-भात भरवायची. भरवता भरवता नजर पोटावर. "टोकदार दिसतंय, पोरगाच आहे," म्हणायची. गोल दिसलं की काहीच बोलायची नाही. तूपही मग बेतानंच पडायचं.

तुम्हाला कशाची भीती वाटली ते लिहा. शेवट फोडू नका, एवढीच विनंती.

वाळवा तालुक्यातून

ताई, मी उसातलाच माणूस. घरची पाच एकर आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाची, लागण आहे. आमच्याकडं आठवड्यातले निम्मे दिवस शेतीपंपाची लाईट रात्रीच असते, त्यामुळं डोक्याला बॅटरी बांधून दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला, जावंच लागतं. ऊस डोक्याच्या वर गेला की सरीत शिरलेल्या माणसाला दहा पावलांवरचं दिसत नाही. कुणी हाक मारली तर कुठल्या अंगानं आली ते उमगत नाही. पानाची कड हाताला लागून बारीक चिरा पडतात आणि त्यात घाम गेला की आग आग होते. शहरातल्या प्रेक्षकाला तो फड नुसता हिरवा दिसला असेल. मला तो अंगावर दिसत होता.

सिनेमा मोबाइलवर पाहिला आणि दुसऱ्याच रात्री पाण्याची पाळी. मधल्या सरीत पाचटावर पाय वाजले. मी खोरं धरून उभाच राहिलो. भावकीतलं पोरगं निघालं, त्यांची मोटर बंद पडली का बघायला आलेलं. एवढ्यावर संपलं असतं. पण घरी येऊन मी आईला सिनेमाची गोष्ट सांगितली आणि सहज विचारलं, आपल्या रानात कधी असं काही झालंय का? ती शेंगा फोडत बसली होती. हात थांबला. "तुला काय करायचंय?" म्हणाली आणि सूप तिथंच ठेवून आत गेली.

पुन्हा मी विचारलं नाही. पण आता विहिरीकडच्या बांधावरून जाताना तो थांबलेला हात आठवतो.

मिरज तालुक्यातून, आरोग्याच्या कामातली

वरचं वाचून थोडा वेळ बाहेर जाऊन बसले.

आमच्याकडे हा सिनेमा काय म्हणून पाहिला गेला ते सांगते. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याजवळ १९ अर्भकं सापडली. एका बाईचा बेकायदा गर्भपातात जीव गेला आणि त्या तपासातून हे सगळं उघडकीला आलं. त्याला चार महिने होतात तोवर हा सिनेमा आला. नेहा पडद्यावर जे शोधते ते आम्ही नुकतंच वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्यामुळं इतर ठिकाणचे लोक ओरडले असतील तिथं आमच्या बायका गप्प होत्या. माझ्या शेजारची पदर तोंडाला लावून बसली होती.

गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा देशात सगळ्यात आधी आपल्या राज्यानं केला, १९८८ साली. केंद्राचा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. आणि २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली किती, तर राज्यात ८९४ आणि बीड जिल्ह्यात ८०७. प्रशिक्षणात हे आकडे आम्हाला पाठ झाले. पण आकड्यामागचं घर बघायचं तर वस्तीवर फिरावं लागतं. एका घरी तिसऱ्या खेपेची नोंद घ्यायला गेले. दोन मुली अंगणात खेळत होत्या. सासूबाईंनी बसायला टाकलं, दुधाचा चहा दिला, सुनेला "उन्हात उभी राहू नको" म्हणाल्या. पुढच्या महिन्यात गेले तर म्हणाल्या, "पडलं ओ." आणि पुन्हा तसाच चहा. सून चुलीपुढून उठली नाही, माझ्याकडं बघितलंही नाही.

तुळसाबाई पाहिली की मला तो चहा आठवतो. ती बाई राक्षसीण असती तर माझं काम सोपं होतं.

पुण्याहून

मला सिनेमा तितका भिडला नाही, तेही इथं यायला हवं. पूर्वार्ध उत्तम. नेहाचं एकटेपण, तिचा संशय, नवऱ्याचं तिला "तुला भास होतायत" म्हणणं, सगळं नेमकं. पण उत्तरार्धात भुतांची बाजू फारच समजावून सांगितलीय. प्रेक्षकाला कळलंय हे दिग्दर्शकाला पटत नाही असं वाटतं. दचकवणारे आवाजही कमी चालले असते.

मात्र माझी बायको म्हणाली, "तुला समजावून सांगायची गरज वाटली नाही, कारण तुला कुणी कधी भास होतोय असं म्हटलेलं नाही." आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. मत बदललं नाही, पण तिचं म्हणणं नोंदवून ठेवतो.

फ्रँकफर्टहून

मी उलटीकडून आले. आधी 'छोरी' पाहिला, नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर. याच दिग्दर्शकानं हिंदीत केलेला. नुसरत भरूचा आणि मीता वशिष्ठ. मीता वशिष्ठ जबरदस्तच आहेत, पण त्यांची मला पहिल्या प्रसंगापासून धास्ती वाटली. हिंदीतलं गावही मला परकं होतं. तिथं असं होतं बाबा, असं म्हणून मी लॅपटॉप मिटवू शकले.

मग मैत्रिणीनं मूळ मराठी बघायला लावला. तुळसाबाई बोलते ती माझ्या आजोळची भाषा. लॅपटॉप मिटवला तरी आवाज खोलीतच. त्या रात्री मी आईला फोन केला आणि आम्ही दोघी बहिणींच्या वेळी तुला कुणी काही बोललं होतं का, असं विचारलं. आई एक तास बोलली. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा.

साताऱ्याहून

माझ्या वर्गात एक नकुशा होती. पाचवीपर्यंत एका बाकावर बसायचो. हजेरी घेताना बाई तिचं नाव जरा हळू घ्यायच्या, हे तेव्हा कळायचं नाही. २०११ मध्ये आमच्या जिल्ह्यात अशा 'नकोशी' म्हणून नाव ठेवलेल्या पावणेतीनशेच्या वर मुलींना समारंभ करून नवी नावं दिली, त्याची बातमी वाचताना मी तिचं नाव शोधत होते. तोवर ती सासरी गेलेली.

सिनेमात ती मुलं हसतात, खेळायला बोलावतात, तेव्हा सगळे दचकले. मला मात्र ओ द्यावीशी वाटली. लपलेल्याला कुणीतरी शोधायला तर हवं. भीती म्हणाल तर वाटली नाही. रडू आलं.

नाशिकहून

इतके दिवस लिहू की नको करत होते.

मी हा सिनेमा आठव्या महिन्यातच पाहिला. घरातले नको म्हणत होते, पण सोबत नवरा होता, पाहिला. घाबरले नाही. कथा आपल्या घरातली नाही, असं वाटलं. आम्ही सगळे शिकलेले, सासूबाई शाळेत शिकवायच्या, माझ्यावर मनापासून जीव.

पुढच्याच रविवारी डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, धनुष्यबाण हातात देऊन फोटो, सगळी हौस सासूबाईंनीच केली. मग दोन वाट्या उपड्या घालून पुढे ठेवल्या. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आपल्याकडे सगळेच खेळतात, मीही बहिणीच्या वेळी टाळ्या वाजवल्यात. "उचल गं एक," सगळ्या हसत म्हणाल्या.

हात पुढे केला आणि ध्यानात आलं की काहीतरी लपवलंय आणि मला शोधायला सांगितलंय. उसाचा फड डोळ्यांसमोर आला. मी डावी वाटी उचलली. बर्फी होती, वर चांदीचा वर्ख. खोलीत दोन क्षण कुणीच बोललं नाही. तेवढेच. मग कुणीतरी "लक्ष्मी येणार!" म्हणालं आणि पुन्हा हसणं सुरू झालं. सासूबाईंनी मला जवळ घेतलं. त्यांचा हात पाठीवर होता आणि त्या दुसरी वाटी सरळ करून पेढा डब्यात परत ठेवत होत्या.

मुलगी झाली. आता सात वर्षांची आहे, आजीची फार लाडकी. गेल्या महिन्यात जावेचं डोहाळजेवण होतं. वाट्या मांडायच्या आधी मी दोन्हींखाली बर्फी ठेवली.