बारावीनंतर फिल्म-व्हिडिओची डिग्री? माझं मत, नको. पटत नसेल तर बोला

उद्यमनगरवाला
भाचा बारावी सायन्स झाला, मार्क बरे पडलेत, आणि आता म्हणतोय बीएस्सी फिल्म अँड व्हिडिओ प्रॉडक्शन करणार. पुण्यातली खाजगी युनिव्हर्सिटी, फी वर्षाला साडेतीन लाख, हॉस्टेल-मेस वर वेगळं. बहिणीनं मला विचारलं, मी सरळ नको म्हणून सांगितलं, तेव्हापासनं सगळं घर माझ्यावर तोंड फुगवून बसलंय.

माझं म्हणणं नीट ऐका मग शिव्या द्या. सिनेमाच्या विरोधात मी नाही, कोल्हापुरात जन्मून सिनेमाच्या विरोधात असायला काय मला वेड लागलंय. पण त्याला बॅचलर डिग्रीच कशाला पाहिजे? बाबूराव पेंटर कुठल्या कॉलेजात गेलेले? गड्यानं स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० ला सैरंध्री काढून दाखवला. शांतारामबापू, दामले, फत्तेलाल सगळे त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हाताखाली राबून तयार झालेले. आणि दुसरं म्हणजे एफटीआयआय, म्हणजे पुण्यातली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट, तिच्या डायरेक्शन, कॅमेरा, एडिटिंगच्या पीजी कोर्सला कुठल्याही शाखेची डिग्री चालते. मग पोरानं इथंच साधी बीएस्सी करावी, घरचं खावं, सुट्टीत कुणाच्या तरी हाताखाली कॅमेरा धरावा, नंतर एंट्रन्स द्यावी. जे दहा-बारा लाख वाचतील त्यात कॅमेरा, लेन्सा, लाइट सगळं येऊन वर उरतील.

नाद_खुळा_ग्रुप
भाच्याला विचारलासा काय?

उद्यमनगरवाला
विचारलं. "मामा तुला नाही कळायचं" म्हणाला. तिथंच डोकं फिरलं माझं.

पेठेतला_जुना
उद्यमनगरवाले, इतिहास अर्धाच सांगितलासा. महाराष्ट्र फिल्म कंपनी हीच शाळा होती की हो. सेट रंगवणं, पोशाख, कॅमेरा, फिल्म धुणं, सगळं एका आवारात चालायचं आणि नवा पोरगा पडेल ते काम करत करत सगळं बघायचा. दामले मूळचे पेंटर, पण बोलपट आल्यावर प्रभात फिल्म कंपनीचं साउंड त्यांनीच सांभाळलं, ते काय आकाशातनं पडलं नाही. १९२९ ला प्रभात इथं निघाली, १९३३ ला पुण्याला गेली आणि तिच्याच जागेत १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट आली. म्हणजे शाळा बंद नाही पडली, इथनं उठून पुण्याला गेली.

आता तुम्ही पोराला सांगताय हाताखाली शिक. कुणाच्या हाताखाली? जयप्रभा स्टुडिओचं काय झालं ते सगळ्या गावानं बघितलंय, आंदोलनं करून करून माणसं थकली. कोल्हापूरच्या चित्रनगरीत मालिकेचं युनिट येतं ते कॅमेरामन, साउंडवाला, एडी (असिस्टंट डायरेक्टर) सगळी माणसं मुंबईस्नं घेऊनच येतं. ती पैलवानाची मालिका वसगड्यात एवढी वर्षं चालली, वाडा बघायला माणसांची रीघ लागायची, पण त्यातनं इथली टेक्निकल कामाची पोरं किती तयार झाली ते मला कुणीतरी सांगा. मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य ऑफिस कोल्हापुरात आहे म्हणून आपण छाती फुगवतो, आणि साउंडला माणूस पाहिजे म्हटलं की पुण्याला फोन लावतो.

एक्स्पोजिंगवाला_गडहिंग्लज
मी मामांच्या बाजूनं. लग्नं करतो, आधी दुसऱ्याच्या स्टुडिओकडनं एक्स्पोजिंगला, म्हणजे नुसतं शूटिंग करून द्यायला, जायचो आता स्वतःचं युनिट आहे, दोन कँडिड दोन ट्रॅडिशनल एक ड्रोन, आणि डिग्रीवाली पोरं सीझनला माझ्याकडं येतात म्हणून बोलतोय, उगाच नाही. बोलायला एकदम भारी, फ्रेम काय, मूड काय, आणि अक्षता पडायच्या वेळी साहेब स्टेजखाली लेन्स बदलत बसलेले. अक्षता काय रिटेक देतात व्हय?

आता एक साधी गोष्ट सांगतो. हॉलमध्ये हल्ली स्टेजच्या मागं एलईडी वॉल असते. पुस्तकात लिहिलंय आपल्याकडं लाइट ५० हर्ट्झची म्हणून शटर १/५० सेकंदाला ठेवा, ट्यूबलाइटला ते बरोबर आहे, पण वॉलचा रिफ्रेश, म्हणजे लुकलुकायचा वेग, वेगळा, तिथं १/५० ला पण काळे पट्टे वरखाली पळतात. तिथं मॉनिटरकडं बघत शटर एकेक घर सरकवायचं आणि पट्टा जिथं जिरेल तिथं सोडायचं, ते पण वरात दारात यायच्या आधी. हे कुठल्या सेमिस्टरला शिकवतात सांगा. आणि रात्री दोन हार्डडिस्कवर डाटा उतरवल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही हे तर कुणीच शिकवत नाही, हे मालकाच्या शिव्या खाऊनच कळतं. एडिटिंगचं म्हणाल तर डाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतंय, शिकवणारे यूट्यूबवर पडलेत. साडेतीन लाख कशाचे?

तिसऱ्या_वर्षाला_आहे
दादा, पट्टे का येतात ते आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं, आणि कार्ड फॉरमॅटचं तर डोक्यात भरवलंय, डाटा कॉपी झाला की दुसऱ्यानं चेक करून सही करायची तेव्हाच कार्ड परत मिळतं. तुमच्याकडं येणारी पोरं कुठल्या कोर्सची आहेत माहीत नाही पण सगळ्यांना एकाच मापात घालू नका.

मी पण कोल्हापूरचीच, पुण्यात फिल्मची डिग्री करते. कोर्समध्ये सगळं छान चाललंय असं मुळीच नाही. एका कॅमेऱ्यावर पंधरा जण, पाहुणे म्हणून कोणीतरी येतं आणि दोन तास स्वतःच्या आठवणी सांगून जातं, आणि डॉक्युमेंट्री म्हटली की आपल्याकडच्या पोरांना पहिल्या वर्षाला चप्पल, दुसऱ्याला गुऱ्हाळ, तिसऱ्याला तालीम, चौथा विषयच सुचत नाही. मीही गुऱ्हाळच घेतलं.

पण त्यातच मला कोर्सचा उपयोग कळला. सरांची अट होती की पहिल्या दिवशी कॅमेरा न्यायचाच नाही, फक्त रेकॉर्डर आणि हेडफोन. मी नाराजीनंच गेले. शिरोळकडचं गुऱ्हाळ, चरक इंजिनावर, हेडफोन घातला तर इंजिनाशिवाय दुसरं काही ऐकूच येईना. गुळव्याला विचारलं तर म्हणाला थांब पोरी, ऊस संपला की चरक बंद करतो. चरक थांबला आणि मग एकेक ऐकू यायला लागलं, काहिलीत (गुळाच्या मोठ्या कढईत) रटरट उकळणारा पाक, चुलवाणात चिपाडं पेटताना येणारा तडतड आवाज, मळी काढताना झाऱ्या काहिलीच्या कडेला घासतो तो. ते सगळं वेगवेगळं घेतलं, शेवटी कुणाला बोलू न देता नुसती तिथली शांतता मिनिटभर घेतली, कारण एडिटला दोन वाक्यांच्या मधे तीच घालावी लागते. दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन गेले तेव्हा कुठं उभं राहायचं हे विचारावंच लागलं नाही. वाफेचं पण तसंच, ऑटोवर ठेवलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला आणि सगळी फ्रेम काळी करून टाकतो, माणसाच्या तोंडावर एक्स्पोजर घेऊन लॉक करायचं.

तुम्ही म्हणाल हे यूट्यूबवर आहे. आहे. पण तू आधी कॅमेरा घरी ठेव असं यूट्यूब सांगत नाही.

एक्स्पोजिंगवाला_गडहिंग्लज
ताई, हे भारी सांगितलंस, खोटं नाही बोलणार. पण हे सांगणारा सर मिळाला म्हणून. नुसता आठवणी सांगणारा मिळाला असता तर? आणि सर चांगला की वाईट हे ॲडमिशन घेताना कुठल्या ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतंय?

तिसऱ्या_वर्षाला_आहे
ब्रोशर वाचूच नका. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठा आणि त्यांच्या फिल्म मागा. गेटवर ड्रोन शॉट असलेला कॉलेजचा प्रोमो नको, पोरांनी शेवटच्या वर्षाला केलेल्या डिप्लोमा फिल्म. डोळे मिटून ऐका, संवाद नीट ऐकू येत नसतील तर तिथं साउंड कोणी शिकवत नाही असं समजा. आणि माणशी किती दिवस कॅमेरा हातात मिळतो ते विचारा, स्टुडिओ किती मोठा ते नंतर.

राजारामपुरीतली_आई
मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, पण माझ्या मुलीचंही हेच चाललंय म्हणून वाचतेय. आम्ही एक जागा बघितली तिथं बोर्डावर फिल्म स्कूल, आत गेलो तर हातात मिळणार डिप्लोमा, तोही त्यांचा स्वतःचा. डिग्री हवी असेल तर म्हणे दुसऱ्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीचा फॉर्म वेगळा भरायचा. मी तिथूनच परत फिरले. ज्या युनिव्हर्सिटीचं नाव सर्टिफिकेटवर येणार ती यूजीसीच्या यादीत आहे का हे आधी बघा. मान्यताप्राप्त डिग्री असेल तर उद्या सिनेमाचं खूळ उतरलं तरी एमपीएससीचा फॉर्म भरता येतो, बीएड म्हणा एमबीए म्हणा रस्ता बंद होत नाही. तुम्ही लोक कलेवर भांडताय, आम्ही आया हेच बघतो.

आणि तीन वर्षं की चार हेही विचारा. नवीन धोरणात चार वर्षांची ऑनर्स आहे, मधे सोडलं तर पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा. फीचा हिशेब तीनचा करून बसायचा आणि निघायची चार.

नाद_खुळा_ग्रुप
एमपीएससी आणि सिनेमा, दोन्हीकडं सारखीच वाट बघायची. विषय हार्ड.

गोरेगावात_कागलकर
मी इथं एडी म्हणून काम करतो, मालिका आणि मधेमधे जाहिराती. दोन्ही पार्टींना थोडं थोडं सुनावतो.

डिग्री कुणी विचारत नाही. माझ्याकडं कोणी कधी मार्कशीट मागितली नाही, कॉल शीट (कुणी कधी यायचं त्याचा रोजचा तक्ता) करता येते का, कंटिन्युटी (एका शॉटमधलं दुसऱ्यात जुळतंय का) बघतोस का, सकाळी सहाच्या कॉलला पावणेसहाला येतोस का, एवढंच. पण मला पहिलं काम दिलं कुणी, तर कॉलेजच्या सीनियरनं. कोल्हापूरच्या पोराचा अंधेरीत कोण काका बसलेला नसतो, त्याचे काका म्हणजे बॅचमेट. आज आमच्या बॅचमधला कोण एडिटला, कोण कॅमेऱ्याला असिस्टंट, आणि काम निघालं की पहिला फोन एकमेकांनाच. मामांनी जो घरात राहून बीएस्सी करायचा प्लॅन सांगितलाय त्यात हेच नेमकं नाही.

आता दुसरी बाजू. शिफ्ट बारा तासांची म्हणतात, ती बारा तासांत संपत नाही. पेमेंट मालिकेत नव्वद दिवसांनी, म्हणजे जूनमध्ये राबायचं आणि पैसे गणपती झाल्यावर. तोपर्यंत रूमचं भाडं, डिपॉझिट, वडापाव. माझ्या बॅचची जी पोरं परत गावाला गेली ती येत नव्हतं म्हणून गेली नाहीत, घरनं आणखी दोन वर्षं पैसे पाठवणं जमलं नाही म्हणून गेली. सगळे पैसे फीमध्ये घालवले होते आईबापानं, नंतर हात वर. त्यामुळं फीचा आकडा आणि त्यानंतरची दोन वर्षं असा मिळून हिशेब करा. तो झेपत नसेल तर मामांचा प्लॅन घ्या, झेपत असेल तर डिग्री करा. आणि मामा, वाचलेल्या पैशात कॅमेरा अजिबात घेऊ नका. कॅमेरा दिवसाच्या भाड्यानं मिळतो, दोन वर्षांत जुना होतो, आणि ज्याच्याकडं स्वतःचा कॅमेरा त्याला लोक कॅमेऱ्यासकट फुकटात बोलावतात.

उद्यमनगरवाला
कागलकर, तुमचं थोडं डोक्यात शिरलं. बॅचचा मुद्दा मी धरला नव्हता. पण माझं मत अजून तेच आहे, बारावीच्या पोराला अठराव्या वर्षी एवढा खर्च करून एकाच रुळावर चढवू नये. एफटीआयआयला तो एकविसाव्या वर्षी पण जाऊ शकतो, आणि तिथं गेल्यावर बॅच मिळतेच की.

तिसऱ्या_वर्षाला_आहे
मामा, एफटीआयआयच्या जागा किती आणि फॉर्म भरणारे किती ते बघा आधी. तो काही प्लॅन नाही, ती लॉटरी झाली. प्लॅन बीमध्ये लॉटरी लिहायची नसते.

पेठेतला_जुना
पोरीचं बरोबर आहे. पण उद्यमनगरवाल्यांच्या पण एका गोष्टीला मी मान देतो, भाच्यानं सायन्स घेतलं ते वाया नाही. एफटीआयआयला साउंडला जायचं झालं तर बारावीला फिजिक्स लागतं, आर्ट्सवाल्याला ते दार बंद. सगळी पोरं डायरेक्टर व्हायला निघालीत, हातात बूम (माइकची लांब काठी) धरायला कोण तयार नाही. भाच्याला एकदा विचारून बघा साउंडचं काय मत आहे.

उद्यमनगरवाला
विचारलं आत्ताच. "बघू" म्हणाला. आणि आता खरं सांगायचं तर बहिणीनं मला न सांगता सीट बुक करायला पन्नास हजार भरलेत, ते आज कळलं. ते बुडाले काय?

राजारामपुरीतली_आई
लगेच बुडाले असं समजू नका. यूजीसीचा २०१८ चा रिफंडचा नियम आहे, ॲडमिशनची जाहीर केलेली शेवटची तारीख यायच्या १५ दिवस आधी रद्द करायचं लेखी कळवलं तर पूर्ण फी परत, फक्त प्रोसेसिंगचे भरलेल्या फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, तेही जास्तीत जास्त ५ हजार, कापतात. त्यानंतर टप्प्याटप्प्यानं कमी होत जातं आणि शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की काहीच नाही. मूळ दाखलेही ते अडकवून ठेवू शकत नाहीत. ताईंना म्हणावं पावतीवर युनिव्हर्सिटीचं नाव आहे की एजंटचं ते आधी बघा, एजंटचं असेल तर आजच पुण्याला फोन लावा.