पत्रा ठोकणं एवढं सोपं नाही, बाप्पा!
'गाडीचे पत्रे ठोकायला काय लागतं' असं कुणीतरी लिहिलंय, म्हणून हे. आमचे मोठे मामा बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्याच गावात धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या ठोकायचे. १९८५ साली औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाळूजला बजाजचा दुचाकींचा कारखाना सुरू झाल्यावर तिकडे गेले. पुढे भाऊ-भाचे बोलावून स्वतःचे दोन प्रेस, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारी यंत्रं, टाकले. मोटारसायकलची पेट्रोलची टाकी दोन तुकड्यांत बनते. डायमध्ये (साच्यात) पत्रा खोल ओढताना कोपऱ्यात चीर गेली की तुकडा भंगारात. मग दोन्हींच्या कडा सीम वेल्डिंगनं, म्हणजे कडेनं सलग वेल्डिंग करून, जोडायच्या, हवा भरून टाकी पाण्यात बुडवायची. बुडबुडा दिसला की परत! मामा आता थकले, पण गावी आले की नवी बादलीसुद्धा आधी उलटी करून बूड पाहतात.