बेहचेट: घशातले अल्सर आणि आतड्यातला अल्सर, औषध एकच का नाही?

सायली_क: नवऱ्याला बेहचेट आहे (रक्तवाहिन्यांना सूज येऊन तोंडात, कधी आतड्यातही अल्सर होणारा आजार). तोंडातले अल्सर कोल्चिसिनने बरेच आटोक्यात आले होते पण आता घशात खोलवर आलेत, थुंकी गिळतानाही कळवळतो, आणि पोटात उजवीकडे खाली दुखतं म्हणून कोलोनोस्कोपी केली तर लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे खोल गोल अल्सर निघाला. डॉक्टर स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू करू म्हणतायत. कोल्चिसिनचाच डोस वाढवून नाही का भागणार? स्टिरॉइडची खूप भीती वाटते.

निळावंती: ताई नाही भागणार. मलाही हाच आजार आहे आणि आतड्याचाच त्रास. कोल्चिसिन तोंडातल्या फोडांसाठी ठीक, आतड्याच्या खोल अल्सरला ते पुरत नाही, उलट डोस वाढला की जुलाब लागतात आणि मग कळत नाही आजार वाढला की औषधाने होतंय. हा अल्सर रक्तस्राव करू शकतो, आतडं फुटूही शकतं, म्हणून स्टिरॉइडने आधी आग विझवायची आणि अझाथायोप्रिनचा असर यायला दोन-तीन महिने लागतात तोवर स्टिरॉइड हळूहळू उतरवायचं, मनाने एकदम बंद करायचं नाही. त्यानेही नाही जमलं तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब असतं, म्हणजे सूज रोखणारी इंजेक्शनं.

डॉ_मुक्ता: बायोप्सी घेतली का? आतड्याचा टीबी आणि क्रोन्स (आतड्याला सूज येणारा दुसरा आजार) त्याच जागी अगदी असेच दिसतात, आणि टीबी असताना स्टिरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब दिलं तर तो भडकतो, त्यामुळे हे आधी विचाराच. अझाथायोप्रिनवर रक्ताच्या पेशी आणि लिव्हरची तपासणी नियमित लागते. सांधेदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेत असतील तर तेही सांगा, त्यानेही आतड्याला अल्सर होतात. काळी शौच, रक्त पडणं, पोट एकदम कडक होऊन दुखणं, यातलं काहीही झालं तर सरळ इमर्जन्सी.

अनिकेत७: घशासाठी मला डेक्सामेथासोनच्या गुळण्या आणि सुक्राल्फेटचं सिरप, दोन्हीने फरक पडला. अप्रेमिलास्ट नावाच्या गोळीबद्दल पण विचारा, तोंडाच्या अल्सरसाठी अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळालीये, पण आतड्याच्या उपचाराच्या जागी नाही हं. आणि गिळताना छातीतही अडकत असेल तर अन्ननलिकेची एन्डोस्कोपी करून घ्या, तिथे कधी हर्पीस किंवा बुरशी निघते आणि त्याचं औषध वेगळंच.

सायली_क: खूप आभार सगळ्यांचे. बायोप्सी घेतलीये, रिपोर्ट यायचाय. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक चालूच आहे त्याचं, आत्ताच डॉक्टरांना फोन करते.